मुक्तीची मंडळी आणि तिचे चरित्रकार

मराठी ख्रिस्ती समाजाने ‘चर्च’ ह्या शब्दास जो प्रतिशब्द रूढ केला आहे तो भाषेच्या दृष्टीने मोठा मार्मिक आहे. इमारतीला देऊळ म्हणा, मंदिर म्हणा. परंतु तेथे जमणाऱ्या माणसांना ते ‘मंडळी’ म्हणतात. घरची मंडळी, गावची मंडळी, पंगतीला बसलेली मंडळी, अशा घरगुती वापरातला हा शब्द; अधिकार, पदवी, परंपरा ह्यांचा त्यास वासही नाही. पाळक बदलतो, मिशन निघून जाते, छप्पर गळू लागते, आणि तरी मंडळी उरते. असे असता आपल्याकडे ख्रिस्ती चळवळीचा जो इतिहास लिहिला गेला तो बहुतेक सगळा मिशनांचा व व्यक्तींचा. अमक्या साली अमके साहेब आले, त्यांनी शाळा काढली, अमक्या शास्त्र्याने बाप्तिस्मा घेतला आणि गावात गहजब उडाला, येथवर येऊन ही बखर थांबते. नागपूर प्रांताचेच पाहा. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले, १८६३ मध्ये टाकळघाटाजवळ पुराच्या पाण्यात बुडून वारले, आणि पुढे त्यांच्या नावाचे महाविद्यालय निघाले, एवढे वऱ्हाड-नागपुराकडील सुशिक्षित वाचकास ठाऊक असते. रविवारी खेड्यातल्या एखाद्या पडवीत एकत्र बसणारी जी दहा-वीस कुटुंबे, त्यांच्यासाठी त्या बखरीत एखादा आकडा असतो, वाक्य नसते.

हा दोष लहान मंडळ्यांपुरताच असता तर साधनांच्या अभावावर बोट ठेवून सुटका करून घेता आली असती. परंतु जिच्याविषयी साधनांचा नुसता ढीग पडलेला आहे अशा मंडळीच्या बाबतीतही तोच प्रकार घडावा, हे नवल होय. पुण्याहून सुमारे पंचावन्न किलोमीटरांवर, दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव नावाचे खेडे आहे. तेथे पंडिता रमाबाईंनी १८९८ मध्ये मुक्तिसदन वसविले, पुढल्या वर्षी देवळाचा पाया घातला, आणि कोणत्याही परदेशी पंथाच्या छत्राखाली नसलेली एक ग्रामीण मंडळी उभी केली. रमाबाईंची चरित्रे इंग्रजीत व मराठीत पुष्कळ आहेत. त्या मंडळीचे चरित्र मात्र कोणी लिहिलेले नाही, असे आम्हांस वाटते; आणि ह्या उपलब्ध पुस्तकांची झडती त्याच एका प्रश्नाच्या अनुरोधाने घेण्याचा येथे विचार आहे.

चरित्रकारांचे दोन पंथ दिसतात. पहिला भाविकांचा. हेलन डायरबाईंचे चरित्र १९०० मध्ये, म्हणजे मुक्तिसदन अद्याप दोनच वर्षांचे असता, प्रसिद्ध झाले. ते वाचनीय आहे, कळकळीचे आहे. परंतु त्याचा वाचक इंग्लंड-अमेरिकेतला देणगीदार आहे हे पानोपानी जाणवते. दुष्काळातून आलेली मुलगी त्यात प्रथम हाडांचा सापळा म्हणून येते, मग धुतलेली, नेसवलेली, गात असलेली म्हणून येते. ह्या दोन चित्रांच्या मध्ये तिचे जे काही झाले असेल, तिला आईची आठवण कितीदा आली असेल, परक्या मुलुखातली ही भाकरी तिला कशी लागली असेल, ह्याचा विचार करण्यास लेखिकेस सवड नाही. निकोल मॅक्निकोल ह्यांचे १९२६ चे चरित्र पुष्कळच प्रौढ. त्यांस मराठी येत होते, संतवाङ्मयाचा त्यांचा व्यासंग होता, आणि रमाबाई ही एका मिशनची नव्हे तर हिंदुस्थानची मोठी स्त्री आहे हे त्यांनी ओळखले. पण मॅक्निकोल ह्यांची दृष्टी शिखरावर खिळलेली आहे. पायथ्याशी वस्ती आहे हे ते सांगतात, तिच्यात शिरत नाहीत. देवदत्त नारायण टिळक ह्यांचे ‘महाराष्ट्राची तेजस्विनी पंडिता रमाबाई’ हे १९६० मध्ये निघाले. मराठीत ह्या विषयावर ह्याहून भरीव पुस्तक नाही, आणि कवी टिळकांच्या घरात वाढलेल्या लेखकाने ते लिहावे हे उचितही झाले. त्याच्या नावातच त्याची मर्यादा आहे. तेजस्विनी एक, तेज पाहणारे बाकीचे सारे.

दुसरा पंथ सुधारकांचा, आणि ह्यात आम्ही आजच्या स्त्रीवादी पंडितांसही गणतो. ह्यांच्या लेखी रमाबाईंचे आयुष्य १८९३ मध्येच जवळजवळ संपते. आर्य महिला समाज (१८८२), विलायतेतील बाप्तिस्मा (१८८३), ‘हाय कास्ट हिंदू वुमन’ (१८८७), मुंबईत ११ मार्च १८८९ रोजी निघालेले शारदासदन, पुण्यातला तो प्रसिद्ध वाद, केसरीचा भडिमार, रानडे-भांडारकरांसारख्यांनी सल्लागार मंडळाचे दिलेले राजीनामे, मुलींना घरी नेणारे पालक: येथवर कथा रंगात येते. मग बाई केडगावास गेल्या, आणि लेखकाचा सूर पडतो. जणू एक तल्लख बुद्धी महाराष्ट्राच्या हातून निसटून भाविकपणाच्या विहिरीत पडली! १९९८ साली उमा चक्रवर्ती ह्यांचा रमाबाईंवरील ग्रंथ आला, त्याच वर्षी गौरी विश्वनाथन ह्यांचे धर्मांतरावरील पुस्तक आले, आणि मीरा कोसंबी ह्यांनी रमाबाईंचे लिखाण इंग्रजी वाचकांस उपलब्ध करून देण्यात आयुष्याची वर्षे घातली. ह्या तिघींच्या विद्वत्तेविषयी आदर बाळगूनही म्हणावे लागते की, त्यांच्या विवेचनाचा जोर जेथे आहे तेथे रमाबाई कोणाशी तरी भांडत आहेत: शास्त्र्यांशी, सिस्टरांशी, सरकारच्या प्लेग-अधिकाऱ्यांशी. भांडण संपले आणि भाकऱ्या थापण्याचे काम सुरू झाले की पंडितांची लेखणी आखडते. विद्वानांचा हा दोष जुनाच आहे. वादाची टिपणे उरतात, स्वयंपाकाची उरत नाहीत.

तथापि केडगावची मंडळी कळण्यास त्या भांडणांतील एक नीट पाहिले पाहिजे, कारण त्या मंडळीचे स्वातंत्र्य तेथून जन्मले आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंनी अँग्लिकन पंथाचा बाप्तिस्मा घेतला. त्यांची धर्ममाता सिस्टर जेराल्डिन हिची समजूत अशी की शिष्या आता घरात आली. उरले ते फक्त वळण लावणे. शिष्येची समजूत निराळी होती. पुढील दोन-तीन वर्षांचा पत्रव्यवहार आता छापलेला आहे, १९७७ मध्ये तो ग्रंथरूपाने निघाला, आणि आमच्या मते एकोणिसाव्या शतकातील कोणाही हिंदी माणसाने लिहिलेल्या सर्वांत निर्भीड पत्रांत त्याची गणना व्हावी. त्रैक्याच्या सिद्धांतावर शंका, मतांगीकारातील शब्दांवर शंका. पुडिंगात अंडे चालणार नाही म्हणून तक्रार. क्रूसावर लॅटिन अक्षरे कोरलेली, तर ती लॅटिनच का, संस्कृत का नकोत, म्हणून तक्रार. बिशपांनी ठरविले की ह्या बाईने पुरुष विद्यार्थ्यांस शिकवू नये. रमाबाईंनी उत्तरादाखल कळविले की आपण आपल्या देशात पुरुषांच्या सभांपुढे बोलत आलो आहोत व कोणास त्यात वावगे वाटले नाही. मथितार्थ एवढाच की, ब्राह्मणांच्या पोथीचा जुलूम टाकून आलेल्या स्त्रीला बिशपांच्या पोथीचा जुलूम पत्करावयाचा नव्हता. इकडे पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’ लिहून रमाबाईंची बाजू घेतली होती. तिकडे इंग्लंडात रमाबाई ज्या अडचणीत होत्या ती जोतीरावांना कळती तर त्यांस मनापासून हसू आले असते.

बाई वाँटेजहून परतल्या त्या कोणत्याच पंथाच्या न होता. पण व्यक्ती पंथाबाहेर राहणे निराळे आणि पंथाबाहेर मंडळी उभारणे निराळे. पहिलीस बुद्धी पुरते. दुसरीस जमीन लागते.

ही जमीन कशी आली हे भाविक चरित्रकार चमत्कारासारखे सांगतात आणि सुधारक सांगतच नाहीत. वस्तुस्थिती अशी की, बॉस्टन येथील रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांच्या खर्चाची हमी घेतली होती व ती मुदत १८९८ च्या सुमारास संपणार होती. पुढे काय खावयाचे? तेव्हा बागाईत करून तिच्या उत्पन्नावर शारदासदन चालवावे अशा हिशोबाने केडगावी शेतजमीन घेतली गेली. म्हणजे मुक्तीचा मूळ संकल्प धार्मिक नव्हता. तो जमाखर्चाचा होता. फळझाडे लावली, विहिरी खणल्या, आणि झाडांना फळ धरण्याआधी दुष्काळ आला.

१८९६-९७ चा तो दुष्काळ मध्यप्रांतात फार कडक पडला. स्वतः रमाबाईंचे आईबाप व बहीण ह्याआधीच्या, १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळात उपाशी वारलेली. अनंतशास्त्री डोंगऱ्यांचे ते पुराणिक कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडता हिंडता कसे नाहीसे झाले हे त्यांनी १८९७ च्या आपल्या दुष्काळाच्या आठवणीत लिहिले आहे, आणि त्या लेखात एकही वाक्य मुद्दाम रडविण्यासाठी घातलेले नाही, म्हणूनच ते वाचवत नाही. त्या उठल्या आणि मध्यप्रांतात गेल्या. सरकारी अन्नछत्रांत व कामांवर मुलींची काय दशा होते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले, आणि सुमारे तीनशे मुली व बायका आणल्या. पुण्यात प्लेग होता. एवढ्या माणसांस शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. मग फळबागेच्या जागेवर झोपड्या व तंबू पडले. पुढे १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी शेकडो आल्या, आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

येथे थांबून पाहावे. ही मंडळी कोणाची होती? हिंदीभाषी मुली, मागाहून गुजराती मुली, मूळच्या शारदासदनातील थोड्या ब्राह्मण विधवा, आणि आसपासच्या बायका. जात वेगळी, बोली वेगळी, वय वेगळे. समान एवढेच की प्रत्येकीचे घर मोडलेले. अशा ह्या माणसांचा समाज कोणत्या सूत्राने बांधावयाचा? शारदासदनात सूत्र होते तटस्थतेचे: शिक्षण देऊ, धर्मास हात लावणार नाही. घर असलेल्या मुलीस ही तटस्थता पुरते, कारण धर्म तिला घरी मिळतो. मुक्तीतल्या मुलीस घरच नव्हते. ख्रिस्ती मंडळी होणे हे तिच्या बाबतीत मतांतर किती आणि कुटुंबप्रवेश किती, ह्याचा निवाडा सोपा नाही. आणि तो ज्यांनी एका ओळीत केला, मग ते ‘आत्मे वाचले’ म्हणणारे असोत की ‘दुष्काळाचा फायदा घेतला’ म्हणणारे असोत, त्यांनी त्या मुलीच्या जागी उभे राहून पाहिलेले नाही. दुसऱ्या आरोपात तथ्याचा अंश आहे, हे कबूल केलेच पाहिजे. ज्याच्या हातून भाकरी मिळते त्याचा देव नाकारण्याचे स्वातंत्र्य दहा वर्षांच्या पोरीला कितीसे असणार? पण तोच प्रश्न त्या पोरीच्या जन्मघरासही विचारावा लागतो, आणि तेथेही उत्तर तेच येते.

ह्या वस्तीत चालणाऱ्या उद्योगांची यादी धर्मग्रंथासारखी वाचावी अशी आहे: शेत, बाग, तेलघाणी, दूधदुभते, परीटकाम, रोट्या भाजणे, विणकाम, शिवणकाम, आणि छापखाना. कृपासदनात समाजाने टाकलेल्या स्त्रिया, आंधळ्या मुलींसाठी वेगळे सदन, थोड्या मुलग्यांसाठी आणखी एक. ह्या सदनांची नावे ऐकताना एक गोष्ट लक्षात येते. हिंदुधर्माच्या परिभाषेपासून आपली माणसे दूर ठेवावीत असा रमाबाईंचा पुढे पुढे कटाक्ष होता. परंतु शारदा काय, कृपा काय, मुक्ती काय, हे शब्द त्यांच्या ओठी आले ते अनंतशास्त्र्यांच्या घरातूनच. पुराणे सांगत हिंडलेल्या मुलीला नावे ठेवताना शब्दासाठी दूर जावे लागले नाही.

आता १९०५ सालाकडे वळू, कारण केडगावचे नाव जगाच्या धर्मेतिहासात गेले ते त्या सालामुळे. वेल्समध्ये १९०४ मध्ये मोठे धर्मजागरण झाल्याची वार्ता आली, मुक्तीत रोज खास प्रार्थना सुरू झाल्या, आणि जूनच्या अखेरीस एके रात्री मुलींच्या वसतीत जे सुरू झाले ते पुढे महिनेच्या महिने चालले: रडणे, पापांची कबुली, अंगात आग पेटल्याचा भास, सगळ्यांनी एकाच वेळी मोठमोठ्याने केलेली प्रार्थना, आणि पुढे अपरिचित भाषांतून उच्चार. रमाबाईंची अमेरिकन सहकारी मिनी एब्रम्स हिने १९०६ मध्ये ह्यावर एक पुस्तिका लिहिली व तिची प्रत चिली देशात व्हाल्पारायसो येथे राहणाऱ्या हूवर नावाच्या पाद्र्याच्या पत्नीस पाठविली. ती तिची जुनी सोबतीण. तेथून त्या देशात १९०९ मध्ये जी चळवळ उठली ती आजही लाखो लोकांची आहे. दौंडच्या वाटेवरील खेड्यात दुष्काळातून वाचलेल्या मुली रात्री रडू लागतात आणि दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर मंडळ्या फुटून नव्या होतात! लॉस एंजेलिसच्या १९०६ च्या सुप्रसिद्ध जागरणाआधी हे घडले असल्याने अलीकडचे परदेशी इतिहासकार केडगावास अग्रमान द्यावा की काय ह्यावर पाने खर्चीत असतात. आपल्या मराठी वाचकाला ह्याची वार्ताही नाही.

तो अग्रमान कोणाचाही असो. आम्हांस ह्या प्रसंगात जे महत्त्वाचे दिसते ते वेगळे आहे. सुशिक्षित मनास असले प्रकार रुचत नाहीत. त्यास उन्माद म्हणून आपण मोकळे होतो, आणि रमाबाईंसारख्या संस्कृत पंडितेने तो चालू कसा दिला ह्याचे आश्चर्य करीत बसतो. पण मुक्तीच्या इतिहासातली हीच एक वेळ अशी आहे की मंडळी बोलली आणि बाईंनी ऐकले. त्याआधी प्रार्थना कोणती, वेळ कोणती, गीत कोणते, हे सदनाच्या घंटेवर ठरे. त्या रात्रीपासून कित्येक आठवडे कोणी काय म्हणावे हे घंटेच्या हाती उरले नाही. ज्या मुलींनी आईबाप डोळ्यांदेखत मरताना पाहिले आणि पुढे सात-आठ वर्षे शिस्तीत कवाईत केली, त्यांनी एके दिवशी एकदम हंबरडा फोडला, ह्यात वेड कोठे आहे? रमाबाईंनी त्यास आवर घातला नाही, आणि अन्यभाषा बोलेल तीच खरी असा दंडकही घातला नाही. वाँटेजला स्वतःसाठी मागितलेले जे स्वातंत्र्य, ते त्या वर्षी त्यांनी आपल्या मुलींस दिले, असे आम्ही म्हणतो. एरवी त्यांनी ते किती दिले ह्याविषयी आमच्या मनात शंका आहे. पंथाधिकाऱ्यांस न मानणाऱ्या बाईने स्थापिलेली मंडळी त्याच बाईस सर्वस्वी मानणारी होती. तिच्या मागे कन्या मनोरमा कारभार पाहील अशी योजना. मनोरमाबाई १९२१ च्या जुलैत वारल्या, आई ५ एप्रिल १९२२ रोजी गेली, आणि पुढील पुष्कळ वर्षे कारभाराची सूत्रे परदेशातून आलेल्या बायकांकडे राहिली. स्वतंत्र मंडळीतून पहिल्या पंचवीस वर्षांत स्वतंत्रपणे उभी राहील अशी बाई सूत्रांपर्यंत पोहोचली नाही, ही गोष्ट एकाही चरित्रकाराने अडचणीची मानू नये, ह्याचा आम्हांस विषाद वाटतो.

ह्याच्या उलट प्रकार सातारचा. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, वीसाहून अधिक वर्षे अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाने घालविली, आणि १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांसही त्यात जागा. भजन, कीर्तन, अभंग ही उपासनेची साधने. रमाबाई ज्या परंपरेतून बाहेर पडल्या तिच्याकडे टिळक परत वळून पाहत होते. तुकोबाचे बोट धरूनच आपण ख्रिस्तापर्यंत आलो अशी त्यांची भावना होती. कल्पना म्हणून दरबार मुक्तीहून सरस, ह्यात आम्हांस संशय नाही. परंतु दरबारास विहीर नव्हती, घाणी नव्हती, छापखाना नव्हता. होता एक कवी, आणि तो ९ मे १९१९ रोजी मुंबईस निवर्तला. दरबार पांगला. त्यातले टिकले काय, तर पदे. ती आज कोणत्याही पंथाच्या मराठी मंडळीत गाइली जातात.

दरबाराचे सुदैव एवढेच की त्याच्या घरात लक्ष्मीबाई होत्या. ‘स्मृतिचित्रे’ चार भागांत १९३४ ते १९३७ च्या दरम्यान प्रसिद्ध झाली, आणि त्यातील शेवटची पाने छापून येण्यापूर्वीच लक्ष्मीबाई वारल्या. मुक्तीच्या चरित्रकारांत जे उणे आहे ते सारे ह्या पुस्तकात आहे. टिळक देवाच्या नावाने घरातले पैसे वाटून टाकतात तेव्हा स्वयंपाकघरात काय उरते, हे लक्ष्मीबाई सांगतात. पाहुणा म्हणून आलेला साधक किती जेवतो हेही सांगतात. आणि तरी टिळकांचा मोठेपणा तसूभर कमी होत नाही. भक्ती आणि विनोद एका ताटात वाढता येतात हे आमच्या भाविक चरित्रकारांस त्यांच्याकडून शिकण्यासारखे होते. मुक्तीत दोन हजार बायका होत्या. त्यांतून एकही लक्ष्मीबाई निघाली नाही, की निघाली असता तिला लिहू दिले गेले नाही? त्या मुलींच्या साक्षी छापल्या गेल्या त्या बहुधा इंग्रजीत, परदेशच्या वाचकांसाठी, आणि साक्षीच्या ठराविक साच्यात: आधी अंधार, मग प्रकाश. साक्ष आणि आठवण ह्यांत हाच भेद आहे. साक्ष देणाऱ्यास शेवट आधीच ठाऊक असतो.

वर्ध्याचे उदाहरण घेतल्यावाचून हा विचार पुरा होत नाही. १९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला व त्याचे ठाणे वर्ध्यास मगनवाडीत पडले. त्याचे चालक जे. सी. कुमारप्पा हे तंजावरकडील ख्रिस्ती कुटुंबातले. गांधीजींच्या चळवळीपुढे चर्चने घेतलेल्या बोटचेपेपणाबद्दल त्यांनी कलकत्त्याचे बिशप वेस्टकॉट ह्यांस जाहीरपणे जाब विचारला होता. मगनवाडीत तेलघाणी आली, हातकागद आला, मधमाश्या आल्या. केडगावची यादी ज्याने वाचली आहे त्यास ही वाचताना ओळखीचे काही भेटल्यासारखे वाटेल. तुरुंगात असता कुमारप्पांनी येशूच्या उपदेशावर व आचरणावर जे पुस्तक लिहिले, ते १९४५ मध्ये गांधीजींच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाले. त्यात येशू आहे, खेडे आहे, श्रम आहेत. चर्चवर कडक टीका आहे. मंडळी मात्र नाही. कुमारप्पांचा ख्रिस्ती माणूस एकटाच चरखा वा घाणी चालवितो आणि सर्वधर्मीयांच्या प्रार्थनेत सामील होतो. हा मार्ग उदात्त आहे. पण रविवारी सकाळी ज्या बाईला आपल्याच बोलीत, आपल्याच माणसांत बसून देवाचे नाव घ्यावेसे वाटते, मेलेल्या मुलासाठी चार जणांनी मिळून गावे असे वाटते, तिची सोय त्या पुस्तकात नाही. विचाराचे स्वातंत्र्य कुमारप्पांपाशी रमाबाईंहूनही अधिक होते; बसावयास सतरंजी केडगावलाच होती.

आणि त्या सतरंजीवर बसणाऱ्या बायकांपुढे कोणते पुस्तक ठेवावयाचे, ह्या प्रश्नावर रमाबाईंनी आयुष्याची शेवटली सुमारे अठरा वर्षे घातली. प्रचलित मराठी शास्त्र संस्कृतप्रचुर, ते शिकलेल्यांसाठी. सामान्य बाईस ते कळत नाही, असे त्यांचे म्हणणे. म्हणून हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी अखंड पवित्र शास्त्राचे नवे भाषांतर केले. संस्कृतात सभा जिंकून ‘सरस्वती’ पदवी मिळविलेल्या स्त्रीने संस्कृत शब्द वेचून वेचून बाहेर काढावेत, ह्या दृश्याचा विचार आमच्या भाषाशास्त्रज्ञांनी केलेला नाही. तिचे १८८९ चे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ ज्यांनी वाचले असेल त्यांस ठाऊक आहे की ही लेखणी किती सराईत, किती खोचक आणि किती डौलदार चालू शके. तो डौल तिने पुढे टाकला. भाषांतरात मूळ शब्दाशी चिकटून राहण्याचा आग्रह इतका की कित्येक ठिकाणी मराठी वाक्य अवघडून बसते. साधे शब्द आणि परका अन्वय ह्यांची जोडी नेहमीच सुखाची होत नाही. वाङ्मय म्हणून ते भाषांतर फसले आहे असे कोणी म्हटल्यास आम्ही फारसा वाद घालणार नाही. मात्र त्याचा वाचक कोण होता हे ध्यानात घ्यावे. ज्या हिंदीभाषी आणि गुजराती मुली मराठी बोलावयास मुक्तीत येऊन शिकल्या, त्यांच्या कानांवर मोरोपंतांचे संस्कार नव्हते. त्यांच्यासाठी लिहिलेली मराठी ही घरच्या मराठीहून निराळी असणारच. ती एका मोडक्यातोडक्या, नव्याने जमलेल्या मंडळीची मराठी आहे, आणि त्या मंडळीच्या बोलीचा एवढा मोठा पुरावा दुसरा नाही.

हे पुस्तक मुक्तीच्या छापखान्यात तिथल्याच बायकांनी खिळे जुळवून छापले. शेवटली मुद्रिते तपासून झाली आणि थोड्याच दिवसांत रमाबाई वारल्या. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. मुक्तीच्या आवाराबाहेर तो फारसा गेला नाही, अन्य मंडळ्यांनी जुनेच भाषांतर चालू ठेवले. ज्या हातांनी ती पाने जुळविली त्यांतले कित्येक हात १८९७ साली मध्यप्रांतातील एखाद्या अन्नछत्राच्या दारात पसरलेले असतील. अक्षर उलटे वाचून सुलटे लावणे हे काम कठीण आहे; त्यास चांगली दृष्टी लागते व भाषा नीट यावी लागते.